माम्याची वेणी

"हे तुम्हाला कुणाला खरं वाटायचं नाय," धाकू म्हणाला आणि वाडीतली माणसं जमली होती त्या घरापुढच्या खळ्यात बाकड्यावर मांडी ठोकून बसला. "आणि वाटू नयेच. माझं मलाच वाटत नाय."

जो माणूस असं आधीच सांगून टाकतो त्याच्यावर लोक चटकन विश्वास ठेवतात, हे धाकूला दुधाचे दात असल्यापासून ठाऊक होतं. झालंही तसंच. शेजारचा भागोजी तांडेल, अर्धा जन्म गलबतावर घालवलेला म्हातारा, विडी विझवून पुढे सरकला. त्याची सून जनी तांदूळ निवडत होती, तिचं सूप हलायचं थांबलं. ओटीच्या पायरीवर धाकूची वहिनी मथुरा बसली होती. तिने पदर खांद्यावरून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, तीर्थ घ्यायला ठेवतात तसे. या संध्याकाळची ती दसऱ्यापासून डोळ्यांत जीव आणून वाट बघत होती. धाकू आज गयेहून परत आला होता. बुद्धाच्या झाडाखालून. मोटारीने.

मथुरा मूळची देवरूखकडची. लग्न होऊन रत्नागिरीला खाडीकाठच्या या घरात आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिची शोभा झाली होती. सकाळी कपडे धुवायला गेली तेव्हा पाणी डावीकडून उजवीकडे वाहत होतं. पिळे घालून वर बघते तर पाणी उजवीकडून डावीकडे! कपडे तिथेच टाकून पोरगी बोंबलत घरी आली, "नदी माघारी फिरली! नदी माघारी फिरली!" घरातली माणसं पोट धरून हसली. सगळ्यात जास्त हसला तो तिचा धाकटा दीर धाकू, तेव्हा करदोट्यावर हिंडणारा. त्याने तिला भरती-ओहोटी समजावून सांगितली. तिने त्याला सांगितलं, आमच्या देवरूखची नदी जी जाते ती जाते, परत येत नाही. त्यावर तो आणखीच लोळला. "एकाच बाजूला जाणारी नदी! वयनी, तू काय पण थापा मारतंस!" पुढे कितीतरी शिमग्यांना त्याने ही नक्कल करून दाखवली, आणि मथुराही त्याच्याबरोबर हसली. धाकूला तिने पोटच्या पोरासारखा वाढवला. नवरा गलबताबरोबर गेला तो आलाच नाही, मग मायेला दुसरी जागा तरी कुठे होती?

पोटासाठी ती, इंग्रजांनी रत्नागिरीत कैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या राजाच्या बंगल्यावर कामाला लागली. राजा वारला, त्याची माणसं आपल्या मुलखात परत गेली, पण माम्या नावाची एक म्हातारी दासी मागे राहिली. पाय सुजलेले, बोट लागण्याची भीती. ती म्हणायची, "इथली फणस मला आवडते," आणि फणस पुल्लिंगी आहे हे तिला कुणी शिकवू शकलं नाही. मथुराने तिचं सगळं केलं. मरताना माम्याने आपली पांढरी वेणी कापायला लावली, लाखेच्या लाल डबीत घातली आणि म्हणाली, "गयेला झाड आहे. बुद्ध त्याच्याखाली बसला. तू जा. ही तिथे ठेव. मग मी घरी पोचली." मथुराने डबी दोन्ही हातांनी घेतली. शब्द दिला.

शब्द देणं सोपं. गया कुठे आणि खाडीकाठची विधवा कुठे? पण धाकूने जुनी फोर्ड मोटार घेतली आणि तो बंदरावर भाडी मारू लागला. बोटीने आलेला उतारू बंदरातून गावात, गावातून बंदरात, फार तर खाड्या ओलांडत किनाऱ्याने वर दाभोळपर्यंत. घाट तो कधी चढला नव्हता, पण घाटाच्या गोष्टी मात्र त्याच्याइतक्या कुणाकडे नव्हत्या. मथुराने विचारलं, "धाकू, तुझी मोटार गयेपर्यंत जाईल काय रे?"

"मोटार जाईल गो. पण भाड्याची मोटार हाय. भाडं घेतल्याबिगर तिचं चाक देवाकडे पण फिरत नाय."

मथुराने पेटीत जपलेली सोन्याच्या पुतळ्यांची माळ काढून दिली. एकदाही वळून बघितली नाही.

मग सबंध पावसाळा त्यांनी बेत केला. पावसात बोटी बंद, बंदर बंद, मोटार माडाच्या झापांखाली झाकलेली. मथुरा जमीन सारवायची आणि सारवण वाळलं की सुपाऱ्या मांडायची. ओटी म्हणजे रत्नागिरी. ओटीखालचं खळं म्हणजे समुद्र. उंबरठा म्हणजे आंबा घाट. उंबरठा ओलांडला की माजघर, म्हणजे देश: मुसळापाशी कोल्हापूर, खांबापाशी पुणं. तिथून आत आत, कणगीपाशी काशी, तिच्या अंगाला सारनाथ, मागच्या दाराशी कुशिनगर. आणि अगदी आत, जात्यापाशी, गया. माम्याचा मामा भिक्खू होता, त्याने ही सगळी ठिकाणं पायी केली होती. त्याने माम्याला सांगितलं, माम्याने मथुराला, आणि मथुराने आता धाकूला.

"एवढ्या आत?" धाकू जात्याजवळ उकिडवा बसून म्हणाला. "मग समुद्राचा वारा पण लागायचा नाय."

"नाय. तिथल्या माणसांनी जन्मात समुद्र बघितलेला नाय, माम्या सांगायची."

"आणि बांगडे?"

"मेल्या, यात्रेला चाललास की जेवायला?"

तिने स्वतः श्रावणापासून मासे सोडले ते सोडलेच. भाजणी दळली, कुळीथ भाजले, पोहे कांडले. मोटारीत पोटात ढवळतं म्हणून झापांखाली शिरून उभ्या मोटारीत बसायची सवय केली. धाकू पुढे बसून तोंडाने भोंगा वाजवायचा आणि ओरडायचा, "पुणं आलं! उतरा!" मागच्या गादीवर कोंबडीने अंडं घातलं होतं. मथुरा त्याच्यासकट पुण्याला उतरायची.

दसरा झाला. आता राहिला कौल. ग्रामदेवतेचा कौल घेतल्याशिवाय त्या गावात कुणी साधी विहीर खणत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला दोन अंगांना ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. नकार आला की वाद नाही. मथुरा सभामंडपात खांबाआड उभी राहिली, धाकू गुरवाबरोबर गाभाऱ्याच्या दाराशी गेला. बराच वेळ पुटपुट ऐकू आली. धाकू बाहेर आला तो मान खाली घालून.

"वयनी, मोटारीला उजवा दिलान." त्याने गाभाऱ्याकडे बोट केलं. "तुला विचारलं, तर डावा. परत विचारलं. परत डावा."

मथुराने देवाला हात जोडले. घरी येऊन चुलीपुढे बसून काय रडायचं ते रडली. मग लाल डबी धुवट फडक्यात बांधली, गाठ मारून धाकूच्या हातात दिली आणि म्हणाली, "तू जा. तुझे हात ते माझेच हात." धाकूने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पहाटे मोटार गेली तेव्हा सगळी वाडी कुंपणाशी उभी होती.

आणि आज ती परत आली. वर नवा कापडी टप घातलेला. मथुराने मोटारीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा मागच्या गादीला सुकटीचा वास आला. यात्रेच्या मोटारीला सुक्या कोळंबीचा वास? तिने स्वतःच्याच गालात मारून घेतली. नाक तरी कसलं मेलं, चार महिने उपाशी, त्याला सगळीकडे मासेच दिसणार.

"आंबा घाट मोटार चढेना," धाकू सांगत होता. "मग मी काय केलं? तोंड फिरवलं नि उलटी चढवली. सगळा घाट पाठीने चढलो. वर पोचलो तेव्हा मागे काय काय राह्यलं ते सगळं ठाऊक, पुढे काय हाय त्याचा पत्ता नाय!"

जनी फिसकन हसली.

"देशावर ऊन असं, की इंजिनाच्या पाण्यात तांदूळ सोडले कोल्हापुरास, नि भात खाल्ला पुण्यास. पुढे जंगल. मागे कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. म्हटलं, असेल कोण उतारू. बघतो तर वाघ! गप बसलेला, शेपूट बाहेर. मी पण गप. शेवटी भाडं मागितलं, तेव्हा उतरला."

"वाघ तो वाघ, शेवटी फुकट्याच," भागोजी म्हणाला.

"सारनाथला मोटार चिखलात बसली, तर हरणांनी शिंगं लावून ढकलली. कुशिनगरला बुद्धदेव निजलेले हायत. केवढे? न्याहारी करून पायांपासून मोटार सोडली, डोक्याशी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली."

मथुरा हसली नाही. वाघ खोटा, हरणं खोटी, हे तिला कळत होतं. धाकूच्या गोष्टीत वाघ असायचाच. त्याला बाजूला सारून उरेल ते घ्यायचं, ही तिची जुनी सवय. तिला फक्त जात्यापर्यंत पोचायचं होतं.

"आणि मग?" ती म्हणाली. "झाड?"

धाकूचा आवाज उतरला. वाघ गेला, हरणं गेली. "झाड हाय, वयनी. एवढं थोरलं. वारा नाय, पण पानं हलतात. मी हाताने माती उकरली. डबी ठेवली. म्हटलं, माम्या, वयनीने पाठवलान. नि वरून एक पान सुटलं. माझ्या उजव्या अंगाला पडलं. उजवा कौल, वयनी. तुझ्या नावाचा."

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात पिंपळाचं पान होतं, वाळलेलं, टोक लांब ओघळलेलं. मथुराच्या उताण्या हातांत त्याने ते ठेवलं. तिने पान डोळ्यांना लावलं. जनीने नाक पदराला पुसलं. माम्या घरी पोचली होती. मथुराला वाटलं, आता डोळे मिटले तरी चालतील.

पण भरल्या पोटी माणूस आणखी एक घास मागतो. ती म्हणाली, "आणि नदी रे? झाडाशेजारी नदी हाय, माम्या सांगायची. ती बघितलीस?"

एक 'होय' म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच सुफळ झाली असती. पण वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं, सगळी वाडी कान देऊन होती, आणि धाकू कधी अर्धं देणारा नव्हता.

"बघितली म्हणजे? अडकलो ना तिच्यापायी! झाड पलीकडे, मी अलीकडे, नि नदीला भरती लागलेली. पाणी तट्ट फुगलेलं. दोन पडाव-होड्या बांधून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर मोटार चढवायची, पण पडाववाला तांडेल म्हणतो, ओहोटी लागल्याबिगर सोडत नाय. बसलो काठावर. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला, तेव्हा कुठे पलीकडे."

"पुनव असेल," भागोजी मान हलवत म्हणाला. "पुनवेची भरती मोठी."

"पुनवच होती!"

"मग थांबायलाच हवं," जनी म्हणाली. खळ्यातल्या सगळ्या माणसांनी माना हलवल्या. नदी म्हटली की भरती आली, भरती आली की थांबणं आलं. त्यात कुणाला काय वावगं वाटणार?

मथुराचे हात मांडीवर तसेच राहिले. तिने पानाकडे पाहिलं. मग ती उठली, पायरी चढली आणि उंबरठ्यातून आत बघत राहिली. मुसळ, खांब, कणगी. पार आत, अंधारात, जातं. सुकटीचा वास तिला आता अगदी लख्ख आठवला. आणि देवळातली ती लांबलेली पुटपुट. कौल देवाने दिला होता, की नुसता धाकूने?

"काय गो वयनी?" धाकू म्हणाला. तो अजून हसतच होता.

"गयेला भरती कुठून आली रे, धाकू?"

"आँ? नदीला भरती..."

"गंगेला येते गो," भागोजी मध्ये पडला. "कलकत्त्यास मी डोळ्यांनी..."

"कलकत्ता समुद्रावर असेल, भागोजीबाबा. गया जात्यापाशी हाय." तिचा आवाज चढला नव्हता, पण कुंपणापलीकडची माणसं वळून बघू लागली. ती पायरी उतरली आणि पिंपळाचं पान तिने धाकूच्या मांडीवर परत ठेवलं. "तिथली नदी एकाच बाजूला जाते. जाते ती परत येत नाय. मी नवी नवरी असताना तुला सांगितलं होतं, तेव्हा तू हसलास. भरती दाभोळला येते, धाकू. माझ्या माम्याची वेणी कुठल्या खाडीत टाकलीस?"