चौथा टेस्टर

महिनाभरात अमरावतीतल्या तीन दुकानदारांनी सूर्यभान वायरमनला तीन टेस्टर विकले आणि तिन्ही नकली निघाले. म्हणजे, सूर्यभानचं म्हणणं तसं होतं. पहिल्यानं तोंड वाकडं करून पैसे परत दिले. दुसऱ्यानं टेस्टर स्वतः बोर्डात लावून दाखवला, "हा काय काका, पेटून राहिला ना," म्हणाला, तर सूर्यभाननं त्याला चार गिऱ्हाइकांसमोर खोटारडा ठरवलं. तिसरा तर आता सूर्यभान रस्त्यात दिसला की मोबाइल कानाला लावायचा. एवढं झाल्यावर कुणालाही कळेल की या दुकानदारांनी आपसात काही तरी ठरवलंय. सूर्यभानला तर केव्हाच कळलं होतं. म्हणून मंगळवारी सकाळी पोरीला बरोबर घेऊन तो अकोल्याच्या बसमध्ये बसला.

टेस्टर म्हणजे वस्तू केवढी, तर खिशात मावेल असा पेचकस, आत इवलासा लाल दिवा. तारेला टोक लावायचं. दिवा पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर हात घाला. वायरमनचा जीव त्या दिव्यावर. आणि महिन्याभरापूर्वी भातकुलीला एका घरचा बोर्ड उघडून सूर्यभाननं टेस्टर लावला, "नाही करंट, घाल हात" म्हणाला, आणि गोवर्धननं हात घातला.

गोवर्धन म्हणजे त्याचा बावीस वर्षांपासूनचा जोडीदार. करंटनं तो भिंतीवर जाऊन आदळला, खाली बसला. सूर्यभाननं घाबरून पुन्हा टेस्टर बोर्डात लावून त्याला दाखवला. "पाय, आता बी पेटत नाही! तूच पाय!" गोवर्धन बसल्या जागेवरून त्या टेस्टरकडे बघत राहिला. मग सूर्यभानकडे बघून म्हणाला, "टेस्टर खराब आहे तुहा. चांगला पारखून नवा आण. त्याच्याशिवाय मी तुह्यासंग बोर्डाले हात लावत नाही." तेव्हापासून दोघांची जोडी घरी बसलेली. उद्या बुधवारी वरूडला संत्र्याच्या पॅकिंग शेडचं काम सुरू होणार होतं. आज टेस्टर मिळाला नाही तर ते काम जाणार आणि गोवर्धनही जाणार. काम गेलं तर दुसरं मिळतं. गोवर्धन दुसरा कुठून आणायचा?

डेपोत सूर्यभान पोरीला म्हणाला, "वाच बरं बसची पाटी. पायतो तुहं ध्यान कुठी आहे."

प्रतीक्षानं पाटी वाचली आणि बापाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिनं आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेला, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दोन वर्षं काम करत होती. पण बापानं तिला स्वतःच्या हत्याराच्या पिशवीला कधी हात लावू दिला नव्हता. आज आणली होती तीही खरेदीची थैली धरायला.

अकोल्यातलं दुकान चंदन नावाच्या तिशीतल्या माणसाचं होतं. सूर्यभान आत शिरला तो संशय घेऊनच. दुकान फार स्वच्छ होतं. ज्याचा माल खपतो त्याला झाडायला फुरसत कुठून मिळते?

"पक्कड दाखव," तो म्हणाला. टेस्टर लगेच मागायचा नसतो. आधी माणूस पारखायचा.

चंदननं पक्कड दिली. सूर्यभाननं मूठ ओढून पाहिली, पिळून पाहिली, सांध्यात खेळ आहे का ते अंगठ्यानं चाचपलं. खिशातून तारेचा तुकडा काढून कापला आणि मान तिरकी करून आवाज ऐकला. मग पक्कड काउंटरवर आपटली. "हिचं तोंड घासून नवं केलं आहे. दुसरी दे."

चंदननं पक्कड उजेडात धरली, उलटसुलट केली आणि त्याचा चेहरा पडला. "काका, हे वापस आलेली आहे. नव्या मालात कशी मिसळली... माफ करा." त्यानं हात जोडले. "पण तुमी वळखली कशी? मले दिसत नोतं."

"हाताले समजते बावा. चाळीस वर्सं झाले." सूर्यभानची छाती फुगली. पहिल्याच वस्तूत चोरी पकडली! बाकीच्यांचं तर विचारूच नका.

दुसरी पक्कड पास झाली. मुठीवर काही छापलेलं होतं, ते त्यानं प्रतीक्षाकडे सरकवलं. "वाच. मुद्दाम बारीक छापतात लेकाचे, माणसानं वाचू नाही म्हणून." तिनं वाचलं, हजार व्होल्ट. पोरीला पेचकसांचा एक झकास सेट आवडला, तर चंदनच म्हणाला, "सेट घेऊ नका ताई. त्यातले अर्धे कधी लागत नाहीत. पैसा पक्कडीत टाका. पेचकस दोनच घ्या, पण ज्याचं टोक स्क्रूच्या खाचीत गच्च बसते असे. हातोडी साधी बी चालते."

आता दुकानदार स्वतःच्या तोंडानं कमी घ्या म्हणतो, हे सूर्यभाननं जन्मात ऐकलं नव्हतं. याचा अर्थ उघड होता. हा आधी आपला विश्वास कमावून राहिला आणि मोठा गंडा टेस्टरमध्ये घालणार.

"टेस्टर," सूर्यभान म्हणाला.

चंदननं पहिला दिला. काउंटरवर तपासायचा बोर्ड होता. सूर्यभाननं टोक भोकात घातलं, बोट मागच्या टोपीवर ठेवलं, दुसऱ्या हाताचा आडोसा केला. डोळे बारीक केले. "नाही."

"नाही म्हंजे?"

"म्हंजे पेटत नाही. दुसरा."

चंदननं तोंड उघडलं होतं, पण प्रतीक्षानं त्याच्याकडे पाहून मान हलवली. त्यानं तोंड मिटलं. सूर्यभानला दोघांच्यामधली ती हालचाल जाणवली आणि त्याच्या अंगाची आग झाली. अरे वा! आपलीच पोरगी दुकानदाराला खुणा करून राहिली!

दुसरा टेस्टरही पेटला नाही. मग चंदननं आवाज करणारा टेस्टर काढला, तर तो बोर्डाच्या वीतभर अलीकडूनच चिरकायला लागला. "हा त वायरीजवळून गेला तरी बोंबलते," सूर्यभान म्हणाला. "अशा चुगलखोराच्या भरवशावर मी कोणाचा हात बोर्डात घालू काय? ठेव तो. तुह्या बोर्डातच करंट नसन."

"पंखा फिरून राहिला ना काका."

"पंख्याची लाइन अलग. मले शिकवू नको."

चंदननं दिव्याचा तिसरा काढला. सूर्यभान हात पुढे करणार तोच प्रतीक्षानं तो घेतला. "मी लावतो बाबा. तुमी फक्त पाहा."

ती बोर्डावर वाकली. पंख्याच्या घरघरीतही सूर्यभानला बटणाचा आवाज स्पष्ट ऐकू आला. खट्.

अस्सं! म्हणजे इतका वेळ बटण बंद होतं! बंद बोर्डावर टेस्टर लावायला देऊन हा सोंगाड्या आपल्याला येडं बनवून राहिला होता, आणि पोरीनं ते आत्ता पकडलं. शाब्बास! बापाचीच पोरगी! सूर्यभान पुढे झुकला. आणि त्याला दिसलं. टेस्टरच्या पोटात लालसर, बारीक, थरथरतं काही तरी दिसलं.

"पेटला!" त्यानं काउंटरवर थाप मारली. "हा पाय, पेटला! हा खरा आहे. बांध हाच."

चंदन मान खाली घालून काउंटरवरचे स्क्रू गोळा करू लागला.

"बाबा," प्रतीक्षा म्हणाली. "मी बटण बंद केलं. आता करंटच नाही याच्यात."

सूर्यभानला आधी काही समजलंच नाही.

"पयले दोन्ही पेटले होते, बाबा. चांगले लाल पेटले होते. या भाऊनं बी पाहिले."

"तुमी मिळाले!" तो ओरडला. "तू अन् हा! घरूनच ठरवून आली होती काय वं?"

"घरून नाही. डेपोत ठरवलं. तुमी मले पाटी वाचाले लावली तवा."

"काहून? बापाची परीक्षा पाहाले?"

"उद्या तुमी घाल हात म्हणसान, अन् गोवर्धनकाका घालतीन. म्हणून." ती आता सरळ रडत होती, डोळे न पुसता. "मी काय करू मंग? सांगा ना!"

सूर्यभान स्टुलावर बसला. चंदननं पाण्याचा ग्लास आणून दिला, तो त्यानं हातातच धरला. दाराकडे पाहिलं तर रस्त्यावरची माणसं कडांनी विरघळलेली. दिवाळीपासून असंच होतं. त्यानं त्याचं खापर एलईडी बल्बांवर फोडलं होतं. आजकालचे बल्ब उजेडच देत नाहीत, साऱ्यांना सांगत सुटला होता. कारखानेवाले चोर, छापणारे चोर, तिन्ही दुकानदार चोर. आणि आत्ता त्याला जे लाल दिसलं होतं, ते कुठून आलं? ते नव्हतंच. तसंच त्या दिवशी भातकुलीला जे होतं ते दिसलं नाही, आणि आपण छातीठोकपणे म्हणालो, घाल हात. गोवर्धन मेला असता. आपल्या शब्दावर मेला असता, आणि आपण टेस्टरला शिव्या देत त्याच्या मयतीला गेलो असतो.

"माह्या बाबाले बी असंच झालं होतं काका," चंदन हळूच म्हणाला. "मोतिबिंदू होता. काढला त आता पेपर वाचते."

सूर्यभाननं मोबाइल प्रतीक्षाकडे दिला. "गोवर्धनले लाव. मले नंबर दिसत नाही." हे शेवटचं वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं आणि उच्चारताना त्याला फार लाज वाटली.

"हॅलो! भेटला काय बे टेस्टर?" गोवर्धनचा आवाज मोठा, साऱ्या दुकानाला ऐकू जाणारा.

"भेटला. इथचे टेस्टर चांगले आहेत," सूर्यभान म्हणाला. "गोवर्धन, तो जुना बी चांगलाच होता. मलेच दिसत नाही गड्या. त्या दिवशी बी दिसलं नाही."

"मले माहीत आहे," गोवर्धन म्हणाला. "तू मले बोर्डात लावून दाखवला होता ना, तवा तो लालभडक पेटला होता. अन् तू म्हणत होता, पाय, पेटत नाही."

"मंग बोलला काहून नाही लेका? महिनाभर मी साऱ्यांले चोर म्हणत फिरलो!"

"बावीस वर्सं तुह्या शब्दावर हात घातला सूर्यभान. तुहं नाव कसं घेऊ? टेस्टरचं घेतलं."

सूर्यभाननं ग्लासातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं, बाहीनं तोंड पुसलं, मग डोळेही.

"उद्या ये," तो शेवटी म्हणाला. "प्रतीक्षा येते संग. टेस्टर तीच लावन. ती म्हणन तवाच हात घालजो, मी म्हटलं त बिलकुल घालू नको."

फोन ठेवून त्यानं खांद्यावरची हत्याराची पिशवी उतरवली आणि पोरीच्या मांडीवर ठेवली. चंदननं तिन्ही टेस्टर काउंटरवर ओळीत मांडले होते.

"कोणता बांधू काका?"

"मले काय इचारतं," सूर्यभान म्हणाला. "तिले इचार."