नागोबाला पाणी हवं होतं

मी एक म्हातारा कॉर्न स्नेक आहे, मित्रांनो. नारिंगी अंगाचा, बिनविषारी. मला कान नाहीत, तरी माणसं माझ्याबद्दल काय काय बोलली ते सगळं माझ्यापर्यंत पोचलं आहे. आज तेच सांगतो. गोड लागणार नाही.

माझा जन्म प्लास्टिकच्या डब्यात झाला. जंगल मी पाहिलेलं नाही. शारजात, अल मजाजच्या एका टॉवरमध्ये, एका गोऱ्या साहेबाने मला दोन वर्षं पाळलं. २००८ची मंदी आली, त्याची कंपनी बुडाली आणि आठवड्याच्या आत तो चंबूगबाळं आवरून निघाला. सोफा शेजाऱ्यांनी नेला, टीव्ही नेला. काचेच्या पेटीतला मी उरलो. समोरच्या फ्लॅटमधले गुणवंतराव म्हणाले, "पेटी झकास आहे. मासे ठेवू. सापाचं नंतर बघू."

"नो बाबा! ही इज माइन," त्यांची दहा वर्षांची ईशानी म्हणाली. म्हणून मी वाचलो.

"फ्रीझरमध्ये मोदकांशेजारी याच्या खाण्याचे उंदीर? माझ्या घरात?" अनुराधाताई, तिची आई, कडाडल्या. पण पोरगी हटली नाही.

साहेबाने पेटीवर एक कागद चिकटवला होता. पहिला आठवडा हात लावू नका. वरून कधीच पकडू नका. जेवल्यावर दोन दिवस उचलू नका. पाणी रोज बदला. घरात तो कागद वाचला फक्त ईशानीने. आपला शाळेचा जुना टी-शर्ट तिने माझ्या पेटीत ठेवला. मी जिभेने वास घेत राहिलो. मानेचा घाम, खोडरबर. नवव्या दिवशी तिचा हात बाजूने आत आला, उताणा. मी थांबलो. तीही थांबली. मग मी त्या हातावर चढलो. एवढं सोपं असतं ते. पण थांबायला कोणाला वेळ आहे?

उन्हाळ्यात गुणवंतरावांची बांधकामाची साइट खलास झाली. बिनपगारी रजेवर घरी बसले. मला बघून तोंड फिरवणाऱ्या अनुराधाताईंना अचानक मी देव दिसायला लागलो. नागपंचमीला त्यांनी बिल्डिंगमधल्या बायका बोलावल्या. माझी पाण्याची वाटी उचलली आणि दुधाची ठेवली. हळद-कुंकू मुठीने टाकलं. मला पापण्या नाहीत, मित्रांनो. कुंकू सरळ डोळ्यावर बसलं.

"नागोबा, यांची नोकरी वाचव रे बाबा!"

"आई, स्टॉप! ही एट यस्टरडे! स्नेक्स डोन्ट ड्रिंक मिल्क!"

"गप्प बस. देवासमोर इंग्लिश झाडू नकोस."

"यल्ला, चला, फोटो काढा," म्हणत गुणवंतरावांनी मला वरून पकडलं. वरून फक्त घार येते. मी घाबरलो आणि आदल्या दिवशीचा उंदीर पाटावर ओकलो. बायका किंचाळल्या. "अपशकुन!" कोणीतरी बोललंच. ईशानी मला सोडवायला धावली. तिचा हात वरून आला की बाजूने, डोळ्यातल्या कुंकवात मला दिसलं नाही. मी चावलो.

रक्ताचे बारीक ठिपके. ती रडली नाही. "इट्स ओके. ही इज जस्ट स्केअर्ड," एवढंच म्हणाली.

दहा दिवसांनी नोकरी गेल्याचं पत्र आलं. कंपनीला शिव्या द्यायची कोणाची हिंमत नव्हती, म्हणून त्या मला पडल्या. "साप उलटला तेव्हाच मी म्हटलं होतं," असं अनुराधाताई फोनवर सगळ्यांना सांगत. पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी पेटी मासेवाल्याला गेली. ईशानी शाळेत दाखला आणायला गेली होती, तेवढ्यात गुणवंतरावांनी मला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि उम्म अल कुवैनच्या रस्त्यालगत वाळूत सोडून दिलं. फोनवर पोरीला म्हणाले, "तो त्याच्या घरी गेला, बेटा."

माझं घर! पोटाखाली तवा होता.

सरपटत सरपटत मी एका कारखान्याच्या कूलरखाली पोचलो. तिथे पाणी ठिबकत होतं. झाडलोट करणारी हव्वाबी, मूळची रत्नागिरीची, झाडू उगारून आली. मी हललो नाही. तिने झाडू खाली ठेवला आणि डब्याच्या झाकणात पाणी ओतलं.

"पी रे बाबा. तुलाही टाकूनच गेले वाटतं."

तिने नमस्कार केला नाही. नवस केला नाही. पाणी दिलं. मग तिनेच कोणाला तरी सांगून मला जनावरांच्या दवाखान्यात पोचवलं. तिथल्या शहनाझ डॉक्टरांनी डोळा वाचवायचा प्रयत्न केला. एक गेलाच. सात वर्षं झाली, मी इथेच आहे.

मित्रांनो, तुम्ही शाळेतून मला बघायला येता. नवा साप घरी न्यायचा असेल तर त्याला देव करू नका, खेळणं करू नका. आठवडाभर हात मागे ठेवा. वाटीत पाणी भरा. आणि नोकरी गेल्यावर त्याला वाळूत टाकणार असाल, तर आजच नेऊ नका.

पेटीत तुमचा हात आला की मी जीभ काढतो. चावायला नाही. खोडरबराचा वास येतो का, ते बघतो. तो हात भेटला तर मला काही बोलता येणार नाही. नुसता चढून बसेन.