निवडणीच्या टेबलावरचा खेळ

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात रसिका सुपरवायझर होती. निवडणीच्या टेबलावर तिच्या हाताखाली सहा बायका. मे महिन्यात कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा दोनदा फोन आला, पांढऱ्या मालात डागी गर येतात म्हणून. निवडणीवाल्या म्हणाल्या, भट्टीत गर करपतो. भट्टीवाला म्हणाला, करपलेला बाजूला काढायचं काम कोणाचं? दोन आठवडे हेच चाललं.

मालक गुरुदास यांनी रसिकाला कुडाळला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे सगळे खेळच होते, चार माणसांनी मिळून अडचण कशी सोडवावी ते शिकवणारे. कागदाचे मनोरे बांधायला सांगितले असते तर कारखान्यातल्या बायका हसल्या असत्या. म्हणून रसिकाने एकच खेळ उचलला आणि काजूवर बसवला. जोड्या करायच्या. एकीच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची. दुसरीने हात न लावता, नुसतं बोलून, तिच्याकडून परातीतले अख्खे गर, अर्ध्या पाकळ्या आणि तुकडे वेगळे करून घ्यायचे.

शनिवारी तीन वाजता खेळ सुरू झाला. राधाबाईंच्या जोडीला संचिता होती; ओढणी राधाबाईंच्या डोळ्यांवर. राधाबाई सर्वांत जुन्या, बावीस वर्षं याच टेबलावर. बाकीच्या "उजवीकडे गो, तो न्हय, त्याच्या बाजूचो" करत असताना राधाबाईंची परात अर्धी रिकामी झाली.

"काकी, माका सांगूक तरी दी," संचिता म्हणाली.

सगळ्या हसल्या. रसिकाही हसली, आणि मग हसता हसता थांबली. डोळे बांधूनही राधाबाईंचा हात रोजच्याच वेगाने चालला होता. रोजसुद्धा त्या परातीकडे बघत नसत, खिडकीकडे तोंड करून बसत. सवय, असंच सगळ्या समजत होत्या.

खेळ संपल्यावर प्रत्येकीने आपल्याला कामात काय जड जातं ते सांगायचं होतं. राधाबाईंची पाळी येण्याआधीच रसिकाने वेळ झाल्याचं सांगून टाकलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"काकी, कधीपासून दिसना नाय?"

राधाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "गणपतीच्या चवतीपासून. धुक्यासारख्या दिसता. लहान-मोठो, अख्खो-फुटको हाताक कळता. पण डागी आणि पांढरो, हाताक दोनय सारकेच." मग हळू आवाजात म्हणाल्या, "सांगितलंय तर घराक धाडतलंस, म्हणान गप रवलंय."

"माका कोणाक घराक धाडूचा नाय. पण मालाची तक्रार येता, काकी."

"ठावक आसा माका. झोप लागना नाय त्यापायी."

रसिकाने कोणाला काही सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी सगळ्या जमल्या तेव्हा राधाबाई स्वतःच बोलल्या. डोळ्यांचं सांगितलं, डागी गर आपल्याच परातीतून जातात हेही सांगितलं. मग संचिता म्हणाली, "दुपारी तीननंतर माकाय रंग नीट कळना नाय. ती ट्यूब आमच्या पाठीमागे आसा, आपलीच सावली परातीत पडता." आणखी दोघींनी मान डोलावली. भट्टीवाला धोंडू दाराशी उभा होता. तोही बोलला, खालच्या ट्रेला आच जास्त लागते आणि तो ट्रे फिरवायला त्याला हातच पुरत नाहीत.

त्या अर्ध्या तासात तोडगा निघाला. ट्यूब टेबलाच्या बरोबर वर घ्यायची. खालच्या ट्रेचा माल वेगळा द्यायचा. आधी बाकीच्या पाचजणींनी रंग बघून डागी गर काढायचे आणि उरलेला माल लहान-मोठा करायला राधाबाईंकडे द्यायचा. त्या कामात त्यांच्या हाताची बरोबरी दुसरी कोणी करू शकत नव्हती.

जूनमध्ये व्यापाऱ्याचा फोन आला तो नव्या मागणीसाठी. जुलैत राधाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सोबतीला संचिता रजा टाकून गेली होती.

महिन्याभराने राधाबाई परत आल्या आणि येताच म्हणाल्या, आता रंगाचं काम माका द्या. संचिताला ते काम सोडायचं नव्हतं. दोघी बराच वेळ हुज्जत घालत बसल्या. शेवटी संचिताने आपल्या पुढ्यातली एक परात त्यांच्याकडे सरकवली, आणि राधाबाई पहिल्यांदाच खिडकीला पाठ करून, परातीत नजर लावून बसल्या.