उभा गहू

माझ्या कानिफमामांचा अर्धा चेहरा जळालेला होता आणि तो त्यांनी कधी उपरण्याखाली झाकला नाही. कोल्हारच्या बाजारात कुणी टकामका बघायला लागलं, की मामा मुद्दाम तोच गाल पुढे करायचे. "बघा नीट. इमानातून पडलेला मानूस रोज दिसत न्हाई."

पडले ते महायुद्धाच्या दिवसांत, पंजाबात विमान चालवायला शिकताना. एकट्यानं विमान वर नेलं आणि जमीन सुटते न सुटते तोच इंजिन बंद पडलं. अशा वेळी मागे वळायचं नाही, समोर असेल त्या रानात सरळ उतरायचं, हे त्यांच्याकडून घोकून घेतलेलं. पण समोर कापणीला आलेला गहू होता. दुसऱ्या कुणाला ते सपाट रान दिसलं असतं. आमच्या शेतकऱ्याच्या पोराला कुणाच्या तरी घरचं वर्षाचं अन्न दिसलं. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मामा वळले, पंख कलला आणि विमान कोसळून पेटलं.

विमान कायमचं सुटलं. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली आणि लग्नाला कुणी मुलगी दिली नाही. मामांनी प्रवरेकाठी ऊस केला, गावात पहिला ट्रॅक्टर आणला. माझे वडील गेल्यावर आईला आणि मला ते आपल्या घरी घेऊन आले. मी शिकले ती त्यांच्या जिवावर.

त्र्याण्णव साली माझं लग्न कोपरगावच्या प्रवीणशी ठरलं. सुपारी फुटली होती. देण्याघेण्याचं बोलायला मंडळी बसली तेव्हा माझे होणारे सासरे काकासाहेब साखर पेरून बोलू लागले. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग होणार, कॅसेट पाहुण्यांत फिरणार. तेव्हा मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे मामा म्हणून चुलतमामांना उभं केलं तर बरं, असं त्यांचं म्हणणं. कानिफमामांनी मांडवात आरामात बसावं. शेजारी बसलेला प्रवीण जमिनीकडे बघत राहिला.

माझी आई, रतनबाई, खाली मान घालून पाहुण्यांपुढे चहाचे कप ठेवू लागली. मला वाटलं, आता मामा गाल दाखवतील. पण ते गुमान उठून बाहेर ओट्यावर गेले. मी मागोमाग गेले.

"बसंन मी मांडवात," ते म्हणाले. "तुझं लगीन म्हंजी उभं पीक हाय, जयमाला. माझ्यापायी कशाला तुडवायचं?"

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं अख्ख्या बाजाराला जुमानलं नाही, तो चार पाहुण्यांपुढे नांगी टाकत होता. मग मी कधी न विचारलेलं विचारलं. "मामा, तो गहू वाचला का?"

ते ओट्याच्या कडेला टेकले. "न्हाई," म्हणाले. "इमान त्याच्याच कडंला पडलं. समदा जळाला."

"मग ह्या वेळी वळू नका."

मी आत जाऊन काकासाहेबांना सांगितलं, माझ्या मागे माझे कानिफमामाच उभे राहतील; कॅसेटमध्ये ते चालत नसतील तर मीही दिसणार नाही. आईनं कपाळाला हात लावला. पाहुणे अर्धा चहा टाकून गेले. प्रवीण मला मनापासून आवडला होता, त्यामुळे पुढचे दिवस वाईट गेले. पण बोललेला शब्द परत घ्यावा, असं एकदाही वाटलं नाही.

मग एका सकाळी प्रवीण एकटाच राजदूत फटफटीवरून थेट मामांच्या रानात आला. वडिलांशी भांडून आला होता. लग्नात तुम्हीच उभं राहायचं, असं त्यानं मामांना सांगितलं. मामांनी त्याला ट्रॅक्टरवर बसवून बांधाबांधानं फिरवलं आणि उतरल्यावर मला म्हणाले, "पोरगं भित्रं हाय, पन वळत न्हाई."

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं, शूटिंगवाल्याला कुणीतरी पढवून ठेवलंय. दिव्याचा झोत तो माझ्यावर आणि अंतरपाटावरच धरत होता. माझ्या मागे नुसता अंधार.

"ए, दिवा हिकडं धर," मागून मामांचा आवाज आला. "ह्या गालावर."

भटजी थबकले. शूटिंगवाल्यानं काकासाहेबांकडे पाहिलं. ते दुसरीकडेच बघत होते. मग झोत हळूहळू माझ्या डोक्यावरून मागे गेला. मामांचा चिकटलेल्या बोटांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो जरासुद्धा हलला नाही.