चंपाबाईंचा नेम

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. सध्या मुक्काम बिबवेवाडी, दुसरा मजला, स्वयंपाकघरावरचा माळा. शेजारी शिट्टी हरवलेला एक कुकर असतो. तो काही बोलत नाही, म्हणून मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे.

बाबुरावांनी मला बुधवार पेठेतून आणलं. तेव्हा बाहेरचा माल नव्यानेच येऊ लागला होता आणि दुकानदार कशालाही 'इंपोर्टेड' म्हणत. माझ्या पिवळ्या कॅसेटवर हजारो खेळ असल्याचं छापलं होतं. खरे खेळ पंधरा-वीस, बाकी तेच पुन्हा, नाव बदलून. घरी खेळायला येणाऱ्या मुलांना हे पहिल्याच सुट्टीत कळलं, पण कोणी तक्रार केली नाही. सोबत प्लॅस्टिकची एक बंदूकही होती.

चौदा एप्रिल तोंडावर आला होता आणि दीपालीची चौथीची परीक्षा संपली होती. मला आणलं तिच्यासाठी, पण मला खरा न्याय दिला तो तिच्या आईनं. चंपाबाई घरी ब्लाउज शिवायच्या. दुपारी शिलाई मशीन थांबलं की मायलेकी टीव्हीसमोर फतकल मारून बसत आणि पाखरं पाडायचा खेळ लावत. चंपाबाई एक डोळा बारीक करत, श्वास धरत, आणि पाखरू खाली येई. बाबुराव जेवता जेवता म्हणत, "हिला पोलिसात भरती करा. ब्लाउज मी शिवतो." दीपाली मैत्रिणींना आईचा नेम बघायला बोलावून आणी. त्या दिवसांत मी फार सुखात होतो.

पुढे घरात कॉम्प्युटर आला, मग मोबाइल आला, आणि मी माळ्यावर गेलो. दीपाली इंजिनिअर झाली आणि खराडीच्या एका कंपनीत लागली. तिथे ती नवे व्हिडिओ गेम तपासते.

नवे खेळ चांगले की आम्ही, असं तुम्ही विचाराल. खोटं कशाला बोलू? माझ्यात झाड म्हणजे हिरवा चौकोन, त्यांच्यात वाऱ्यानं पान हलतं. वीज गेली की माझा सगळा डाव पुसला जाई, ते मात्र सगळं जपून ठेवतात. पण दूध उतू जायला लागलं, तर मला थांबवता येत असे. पाखरू अधांतरी लटकून राही आणि चंपाबाई गॅस बंद करून येत. दीपाली हल्ली रोज जे खेळ खेळते, ते कोणासाठी थांबत नाहीत.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत जुना फुगीर टीव्ही एक्स्चेंज ऑफरमध्ये गेला आणि भिंतीवर चपटा टीव्ही लागला. तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला होता, चंपाबाईंनाही.

यंदा चंपाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, खुशाल शिवा. पण त्यांचा धीर होईना. शेजारच्या कौशल्याबाई मुलीच्या लग्नाचा ब्लाउज घेऊन आल्या, जरीचा, नाजूक काठांचा. चंपाबाईंनी तो ठेवून घेतला, पण कात्री लावली नाही.

"अहो, डॉक्टर म्हणालेत ना," बाबुराव म्हणाले.

"डॉक्टरांना कुठे काठ जुळवायचेत? कापड बिघडलं तर लोकांचं बिघडतं. आधी मला माझं बघू द्या."

त्यांनी स्टूल घेऊन मला खाली काढलं. डोळा आणि हात एकमेकांचं ऐकतात का, हे पाखरांवर तपासायचं त्यांनी ठरवलं होतं. मला पुसलं, कॅसेटवर फुंकर मारली, वायरी नव्या टीव्हीला लावल्या. मी चालू झालो. इतक्या वर्षांनी माझं चित्र उमटलं आणि मला भरून आलं.

आतल्या खोलीत दीपाली कानाला हेडफोन लावून खेळत होती.

"दीपा, जरा ये गं. माझा नेम बघ."

"आई, प्लीज, पाच मिनिटं. हैदराबादचे लोक आहेत टीममध्ये. ऑनलाइन आहे, पॉज नाही करता येत."

चंपाबाईंनी एक डोळा बारीक केला, श्वास धरला. पाखरू उडून गेलं. दुसरं गेलं. त्या टीव्हीच्या जवळ सरकल्या, आणखी जवळ सरकल्या, अगदी बंदुकीची नळी काचेला टेकेपर्यंत. एकही पाखरू पडलं नाही.

मित्रांनो, त्यांचा नेम अचूक होता. माझ्या बंदुकीतून गोळी सुटत नाही, तिला एक डोळा असतो. चाप ओढला की पाखराच्या जागी क्षणभर पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो बघते. फुगीर टीव्हीवर तो लगेच दिसे. चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, माणसाला जाणवणारही नाही इतकं, आणि तोवर बंदुकीनं बघणं सोडलेलं असतं. अशा टीव्हीवर कोणाचंच पाखरू पडत नाही. मला हे ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला फक्त टुणटुण वाजता येतं.

चंपाबाईंनी मला बंद केलं आणि वायर गुंडाळली. मग कौशल्याबाईंकडे जाऊन ब्लाउज परत केला. "आता माझ्याच्यानं होणार नाही," एवढंच म्हणाल्या. दीपाली बाहेर आली तेव्हा मी माळ्यावर पोहोचलो होतो.

"काय म्हणत होतीस गं आई?"

"काही नाही. तुमचेच खेळ बरे बाई."

चित्र उशिरा का उमटतं, हेच शोधण्याचा दीपालीला पगार मिळतो. तिनं दारातून एकदा डोकावलं असतं तरी तिला कळलं असतं.

माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मला भंगारात घातलं तरी चालेल. पण घरातलं कोणी 'जरा ये' म्हणालं, तर डाव हरला तरी उठा. काल एक माणूस येऊन शिलाई मशीन विकत घेऊन गेला. ते जिन्यावरून नीट उतरेपर्यंत चंपाबाई दारात उभ्या होत्या, आणि तो वळणावर धडपडू नये म्हणून पायऱ्या सांगत होत्या. त्यांना सगळ्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या.