लाइट गेली तेव्हाचं कडवं

लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये मला चुका ऐकायच्या असतात. स्टुडिओत गाणं दहा वेळा करून त्यातलं बरं ते ठेवतात. लाइव्हमध्ये झालं ते झालं. एकाच गाण्याची पाच कॉन्सर्टमधली पाच रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत. पाचांचा वेग मी मोजलाय. गर्दी जितकी जवळ, तितका ड्रमर घाई करतो.

म्हणून 'बॉबिन'चा शेवटचा कॉन्सर्ट मीच रेकॉर्ड केला. बॉबिन म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला चौघांचा रॉक बँड. गाणारी सुनेत्रा महिन्याभरात कायमची बंगळुरूला निघणार होती. बेस वाजवणाऱ्या विनीतच्या काकांचा जीन्सचा कारखाना शुक्रवारी बंद असतो. तिथे मशिनं बाजूला सरकवून साठ-सत्तर माणसं उभी राहिली. भिंतींना डेनिमचे तागे रचलेले, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. इतका कोरडा ड्रम मला कुठल्याच हॉलमध्ये मिळाला नसता.

चौथ्या गाण्यात लाइट गेली. गिटार, बेस, माइक, सगळं बंद. ड्रमर थांबला नाही. सुनेत्रा उघड्या आवाजात गात राहिली, तो पुरेना तेव्हा लोकांनी कडवं उचललं, भलत्याच सुरात, पण सगळ्यांनी. लाइट आली तेव्हा गिटार अर्धा ठोका आधी घुसली आणि ड्रमरने एका फटक्यात तिला सांभाळून घेतलं. माझा रेकॉर्डर बॅटरीवर चालतो. त्यात हे सगळं होतं.

माझा लॅपटॉप दुरुस्तीला होता, म्हणून रेकॉर्डरचं मेमरी कार्ड कॉपी करायला विनीतला दिलं. ही माझी चूक, मान्य.

पुढच्या गुरुवारी त्याने कॉन्सर्ट अपलोड केला. अंबरनाथच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी ऐकला. चौथं गाणं सुरू झालं आणि कुठेही न अडखळता संपलं. मी अर्धी रजा टाकली आणि शेअर रिक्षाने थेट कारखाना गाठला.

विनीत फिनिशिंगला बसला होता. शिवून झालेल्या पँटचे सुटे धागे कटरने कापत होता.

"लाइट गेली तो भाग कुठाय?"

"काढला. कसलं क्लीन झालंय ना? जोड ऐकूपण येत नाही."

"ओरिजिनल?"

"ते उडवलं. जागा खात होतं यार. आणि हे तुझं कार्ड. मधे मालाचे व्हिडिओ घेतले त्यावर, तेपण पुसलेत."

घासून परत केलेल्या डब्यासारखं त्याने ते माझ्या हातात ठेवलं. पुसलेल्या रेकॉर्डिंगच्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं होतं, म्हणजे परत मिळवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कापायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? माल बाहेर जाताना धागा लोंबता ठेवतो का आपण? लोक म्हणतील, यांच्याकडे जनरेटरपण नाही."

"नव्हताच ना!"

"ओरडू नको, काका आहेत आत."

"बाकीची गाणी तुमच्या रिहर्सलमध्येपण आहेत, विनीत. हे एकदाच झालं होतं."

"मग परत करू की! सुनेत्रा आहे अजून. उद्या शुक्रवार, त्याच लोकांना बोलावतो. चौथं गाणं चालू झालं की मेन स्विच मी पाडतो. खालीपीली तापू नको."

तो मनापासून म्हणत होता. त्यानेच माझं डोकं सर्वांत जास्त फिरलं. राहिलेलं रीडिंग दुसऱ्या दिवशी मनाने भरणाऱ्याला आमच्या लॅबमधून घरी पाठवतात.

"अपलोडच्या खाली 'रेकॉर्डिंग: हिमानी' असं माझं नाव लिहिलंयस," मी म्हटलं. "त्याखाली लिही. चौथ्या गाण्यातला भाग कापला आहे. कापणारा विनीत."

"येडी झालीस का? हसतील लोक."

"हसू देत."

"तुझं नाव काढतो, चल. विषय खतम."

"माझं नाव राहील. रेकॉर्डिंग मीच केलंय. लिही."

त्याने कटर ठेवला, फोन काढला आणि फुगलेल्या तोंडाने टाइप केलं. मग मान वर केली.

"किती सेकंद लिहू?"

"तू कापलंस. तुला माहीत नाही?"

"बघितलं नाही. तू सांग, तू सगळं मोजतेस."

मूळ रेकॉर्डिंग मी एकदाही ऐकलं नव्हतं. आणि त्या वेळी घड्याळ पाहायला मी मोकळी नव्हते. मीही गात होते. अंदाज सांगता आला असता. तो मी सांगणार नव्हते.

"लिही," मी म्हटलं, "किती ते माहीत नाही."