पट्ट्याची अट

मक्पालने मुलाच्या कोटाची चेन खाली ओढली, तेव्हा तिची सासू कुलाश हिने तिचं मनगट धरलं.

“काढतेस कशाला? बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठतेय.”

“गाडीत हा कोट नको, आपा.”

“मग नुसत्या स्वेटरवर नेऊ? गाव म्हणेल, कुलाशने नातवाला उघडा आणला.”

दोन वर्षांचा संजार मागच्या बाजूला, नव्या कोऱ्या लहान सीटवर बसला होता. सीटच्या कडेचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. फुगलेल्या कोटामुळे त्याचे हात आडवे राहिले होते. इमारतीच्या आवारात गाडीचं इंजिन सकाळपासून चालू होतं. एकदा बंद केलं तर कोक्शेताऊच्या थंडीत ते पुन्हा सुरू होईलच याची खात्री नव्हती. सासरा सेइलखान काचेवरचा बर्फ खरवडत होता. मक्पालचा नवरा दाउलेत सामान भरत होता आणि भरून झालेलं सामान पुन्हा लावत होता.

उन्हाळ्यात, पाहुण्यांनी भरलेल्या जेवणाच्या दस्तरखानावर सेइलखानने नातू मागितला होता. रीतच तशी होती: पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या पदरात वाढतं, त्यांनाच आई-बाप म्हणतं. सून त्याला नाही म्हणत नाही. मक्पालही म्हणाली नव्हती. “तुमच्या गाडीत लहान मुलाची सीट नाही. त्याशिवाय मी त्याला लांबच्या रस्त्याला पाठवत नाही,” एवढंच ती म्हणाली. सेइलखानच्या गाडीत मागे धड पट्टेही नव्हते आणि असल्या वस्तूंना तो शहरी खेळणी म्हणायचा. विषय मिटला असं तिला वाटलं. पण नकाराच्या जागी अट घातली की म्हाताऱ्यांच्या लेखी तो होकारच असतो; सुनेने फक्त थोडी मुदत मागितलेली असते. आज सकाळी तो आला, त्याने गाडीचं मागचं दार उघडून दाखवलं. नवे पट्टे होते. सीट होती.

“धडक बसली की कोट चपटा होतो,” मक्पाल म्हणाली. “पट्टा सैल पडतो आणि पोर निसटतं.”

“मी सहा पोरं घोड्याच्या घसरगाडीतून नेली. एक निसटलं नाही.”

“मी पडलो होतो की, आपा,” दाउलेत डिकीमागून म्हणाला. “मागे फिरून उचललंत मला.”

“तेव्हा डोक्यावर पडलास, म्हणून असा झालास.”

कोणी हसलं नाही. मक्पालने चेन पुन्हा वर चढवली. कोटावरूनच पट्टे घेतले, खटका लावला, टोक ओढून घट्ट केलं. मग खटका सोडला, कोट काढला आणि पट्टे तसेच ठेवून पुन्हा लावले. संजारच्या छातीपाशी पट्ट्याखाली तिने मूठ घातली. मूठ आत गेली, आडवी फिरलीही.

सेइलखान खरवडायचं थांबून वाकला होता.

“ह्यातून शिंगरू निसटेल,” तो म्हणाला आणि पुन्हा काचेकडे वळला.

कुलाशने आपली बोटं पुढे केली. सांधे सुजलेले होते.

“मला नाही जमायचं हे. वाटेत उतरवायचं, पुन्हा बांधायचं. नाहीच जमलं तर?”

मक्पालने दाउलेतकडे पाहिलं. तो बुटाने बर्फ उकरत होता. ‘मग राहू द्या,’ एवढं म्हणायला जागा होती. पण सासूने बोलता बोलता कोट उचलला होता आणि बाह्या पसरून दोन्ही हातांत उघडा धरला होता. पोर जाणारच होतं. प्रश्न कोटाचाच उरला होता.

“जमेल,” मक्पाल म्हणाली. “इकडे बसा.”

तिने कोट सासूच्या हातातून घेतला आणि सीटशेजारी ठेवला.

“बुरान आलं, त्या बर्फाच्या वादळात रस्त्यात गाडी बंद पडली, तर हा लगेच हाताशी हवा. तेव्हा खुशाल घाला. चालत्या गाडीत लोकरीचा पातळ स्वेटर, त्यावर पट्टा, आणि सगळ्यावरून पांघरूण. पट्ट्याखाली जाड काही नाही.”

“आणि घट्ट किती?”

मक्पालने संजारच्या खांद्यावर पट्ट्याची चिमूट घेऊन पाहिली. चुणी बोटांत आली.

“अशी चुणी येते तोवर सैल.”

कुलाशने खटका सोडला. पहिल्यांदा पट्टा पिळलेला राहिला. दुसऱ्यांदा खटका बसला, पण चुणी आली. संजार कंटाळून पाय झाडू लागला, तेव्हा तिने खिशातून सुक्या चक्क्याची कडक गोळी काढून त्याच्या तोंडात घातली आणि पुन्हा सुरुवात केली. जीभ दातांत धरून तिने पट्ट्याचं टोक ओढलं.

“घट्ट!” संजार म्हणाला.

मक्पालने चिमूट घेतली. बोटं पट्ट्यावरून घसरली. दुसऱ्या खांद्यावरही घसरली.

“जमलं,” ती म्हणाली.

सेइलखानने पुढे बसून आपलं दार लावून घेतलं. दाउलेतने डिकी मिटली. करायचं काही उरलं नव्हतं.

कुलाश पांघरूण नातवाच्या हनुवटीपर्यंत ओढत होती. मान वर न करता ती म्हणाली,

“माझ्या थोरल्याला माझ्या सासूने नेलं, तेव्हा मीही त्याला घसरगाडीत घट्टच बांधलं होतं. वळणापर्यंत रडत होता. मला वाटायचं, फार आवळलं.”

मागच्या दाराची कड धरलेला मक्पालचा हात गार पडला होता. हातमोजा तिने मघाशीच काढला होता.

“हा वाढेल,” कुलाश म्हणाली. “मग हे पट्टे पुरतील?”

मक्पाल आत वाकली. सीटच्या पाठीला एकावर एक खाचा होत्या. खालच्या खाचेतून पट्टे निघाले होते. वरच्या मोकळ्या खाचेत तिने बोट घातलं.

“खांदे खालच्या खाचेच्या वर गेले, की पट्टे इथे घालायचे.”

“आणि ते कधी?”

संजारने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. मक्पालने बोट काढलं.

“तुम्हाला दिसेल, आपा.”